आईला चर्च बघायचं होतं

सांगली, रविवार, ५ जानेवारी १९७५

आज आईचा चष्मा आला. मिरजेला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ती माझ्या खोलीत डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून बसलेली असायची आणि उठल्यासुटल्या विचारायची, "आला का गं चष्मा?" भिंगं इतकी जाड आहेत की बाहेरून तिचे डोळे गायीच्या डोळ्यांएवढे दिसतात.

चष्मा लावून तिनं आधी स्वतःचे हात पाहिले. उलटे केले, सुलटे केले. मग माझ्याकडे पाहिलं.

"अंजे, तुजं केस पिकलं की गं."

"दोनच पिकलेत."

"मला लय दिसत्यात."

मग ती खोलीभर हिंडली. कॅलेंडर, स्टोव्ह, भिंतीचा उडालेला चुना, सगळं हात लावून बघितलं. मोरीतल्या प्लॅस्टिकच्या बादलीपाशी मात्र थांबली. "ही बादली एवढी निळी हाय?" डॉक्टर म्हणालेच होते, मोतीबिंदू काढला की निळा रंग फार लख्ख दिसतो म्हणून. चहा होईपर्यंत आई बादलीच बघत बसली.

मला वाटलं, आता म्हणेल गणपतीला ने, नाहीतर गावाला पोचव. चहाची बशी खाली ठेवून ती म्हणाली, "अंजे, मला चर्च बघायचं हाय."

कशाला म्हणून विचारायची गरजच नव्हती.

माझे वडील, कृष्णात, चव्वेचाळीस सालच्या थंडीत इटलीच्या लढाईत गेले. ते बोटीत बसले तेव्हा मी आईच्या पोटात होते, त्यामुळं आम्ही एकमेकांना पाहिलेलं नाही. लालाकाका, म्हणजे लालासाहेब, आमच्याच गावचे आणि वडिलांच्याच तुकडीतले. लढाई संपल्यावर ते एका पायानं लंगडत परत आले आणि आमच्या ओसरीवर बसून त्यांनी आईला सगळं सांगितलं. दरवर्षी पितृपक्षात ते जेवायला येतात तेव्हा आई पुन्हा विचारते आणि ते पुन्हा सांगतात. मला ते पाठ आहे. "गोळी लागल्यावर आमी त्येला चर्चात नेला, वहिनी. दगडी देऊळ हुतं. आत गार हुतं, निवांत हुतं. पाद्रीबाबानं त्येच्या तोंडात पानी घातलं, उशाला दिवा लावला. जीव गेला तवा दारातली घंटा वाजवली."

शाळेत असताना मी हे मैत्रिणींना मोठ्या ऐटीत सांगायची. कुणाचे वडील दवाखान्यात गेलेले, कुणाचे शेतात साप चावून. माझे वडील परदेशातल्या देवळात गेले.

आईनं मात्र चर्च आतून कधीच पाहिलेलं नाही.


सांगली, बुधवार, ८ जानेवारी

मी म्हटलं, इथं सांगलीतच चर्च आहे, रविवारी जाऊन येऊ. आई नाही म्हणाली. "तसलं न्हाई. लालाभाऊ म्हनला हुता, साताऱ्याच्या कॅम्पात हाय, तसलं हुतं." काका पेन्शनच्या कामाला साताऱ्याला जातात. आईनं कधीतरी खोदून खोदून विचारलं असणार, आणि रस्त्यावरून दिसणारं जुनं चर्च त्यांनी सांगितलं असणार. आईच्या डोक्यात ते पक्कं बसलंय.

काकांना कार्ड टाकलं.

इथं खरं लिहायला हरकत नाही. मला जायचं नाहीये. आई चष्म्यामुळं अजून धडपडते, तिला सगळं आहे त्यापेक्षा जवळ वाटतं. आज तिनं चहा कपाच्या बाहेर ओतला. हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे वडील जिथं गेले ती जागा मी लहानपणापासून मनात बांधून ठेवली आहे. खरं दगडमातीचं काही पाहिलं की ती मोडेल. आणि तिसरं कारण हे की ह्यांची पलटण जम्मूकडे आहे आणि तीन आठवडे पत्र नाही. असल्या दिवसांत असल्या जागी जाऊ नये असं मला वाटतं. फौजी माणसाच्या बायकोनं असं काही मनात आणायचं नसतं, पण येतं.


सांगली, बुधवार, १५ जानेवारी

काकांचं उत्तर आलं. पाय दुखतो आहे, थंडी सरल्यावर बघू.

आई म्हणाली, "त्येचा पाय थंडीत दुखतो, उन्हाळ्यात दुखतो, पावसात तर लयच दुखतो. लिही, मी कराडच्या स्टँडवर येते. न्हाई आलास तर एकटी जाते."

मी हसत हसत तसंच लिहिलं. काल संक्रांत झाली. कपाळाला कुंकू नसलेल्या बाईला वाणाला कुणी बोलवत नाही, पण शेजारच्या काकूंनी आईला मुद्दाम तिळगूळ आणून दिला. आई त्या हलव्याचे काटे मोजल्यासारखी बघत बसली. तिला हल्ली सगळ्याचंच कौतुक.


सातारा, रविवार, २ फेब्रुवारी

काल आम्ही चर्च पाहिलं. ट्रेनिंग कॉलेजात माझ्याबरोबर असलेल्या शकुंतलाच्या घरी मुक्काम आहे. सगळे अजून चहा घेताहेत, तोवर लिहून टाकते, नाहीतर बारीकसारीक विसरेन.

कराडला काका स्टँडवर उभे होते. दाढी केलेली, इस्त्रीचा खाकी कोट, पांढरा फेटा, पायात बूट. आमच्या मागच्या बाकावर बसले. उंब्रजपर्यंत ऊसतोडीच्या गोष्टी सांगत होते. नंतर गप्प झाले. आईनं दोनदा वळून पाहिलं.

"लालाभाऊ, बरं न्हाई का?"

"न्हाई वहिनी. गाडी लागती जरा."

आयुष्यभर एस.टी.नं फिरलेल्या माणसाला गाडी लागते हे मला नवीनच होतं.

शकुंतलाकडे जेवून दुपारी टांग्यानं कॅम्पात गेलो. रस्ता रुंद आणि शांत, दोन्ही बाजूला जुनी झाडं. वळण घेतलं आणि झाडांच्या मधून आधी मनोरा दिसला. काळ्या दगडाचा, चौकोनी, चुन्याच्या दरजा नीट रेघ मारल्यासारख्या. आपल्याकडचे कळस वर निमुळते होत जातात. हा वरपर्यंत तेवढाच रुंद, एखाद्या धीराच्या माणसासारखा. मी कितीतरी वेळा साताऱ्याला आले आहे आणि हे कधी नजरेलाच पडलं नव्हतं, याची मला लाज वाटली.

दाराला कुलूप होतं. मागच्या घरातून एक वयस्क बाई आल्या, पदराला हात पुसत. त्यांचं नाव एस्तेरबाई. चर्चची झाडलोट आणि किल्ली त्यांच्याकडे.

"आज प्रार्थना नसते. उद्या सकाळी या," त्या म्हणाल्या.

आई पुढं झाली. "बाई, मला नुसतं आतनं बघायचं हाय. माजा मालक चर्चात वारला. तिकडं, लढाईत."

एस्तेरबाईंनी आईकडे पाहिलं, त्या भिंगांकडे पाहिलं आणि कुलूप काढलं.

काकांनी दारातच बूट काढायला सुरुवात केली. "बूट नाही काढले तरी चालतं हो," त्या म्हणाल्या, पण तोवर ते काढून झाले होते. उंबऱ्यात पाय ठेवताना काकांनी उजवा हात डोक्याच्या वर नेला आणि चाचपडल्यासारखं केलं. तिथं काही नव्हतं.

"घंटा वर मनोऱ्यात आहे. दोर त्या कोपऱ्यात."

"व्हय व्हय," काका म्हणाले.

इटलीतल्या देवळांत ती दारातच असेल. देशोदेशी वेगळ्या पद्धती असतात.

आत गेल्यावर मी जे पाहिलं ते मला नीट लिहिता येईल का माहीत नाही. आधी गारवा लागला. मग डोळे सरावले. छप्पर केवढं उंच! सागवानी तुळया दोन्ही भिंतींतून निघून वर वाकत वाकत एकमेकींना भेटतात, खिल्लारी बैलाच्या शिंगांसारख्या. कुठं नक्षी नाही, रंग नाही, तरी नजर खाली येत नाही. दोन्ही बाजूला बाकांच्या रांगा, लाकूड हाताळून हाताळून तुकतुकीत झालेलं. समोर दोन पायऱ्या, पांढरं कापड घातलेलं टेबल, त्यावर पितळेचा साधा क्रूस. एवढंच. एवढ्या मोठ्या जागेत एवढंसंच ठेवायचं हे ज्यानं ठरवलं त्याला मनातून नमस्कार केला. आणि आवाज! आईच्या चपलेचा आवाज छपरापर्यंत जाऊन सावकाश परत येत होता. आपोआप हळू बोलायला लागतो आपण.

"तिकडं बी असंच हुतं?" आईनं विचारलं.

"असंच, वहिनी."

"बाकडी बी?"

काकांनी बाकांकडे पाहिलं. "बाकडी... व्हय. हुती की. बाजूला सारली हुती."

भिंतीत पितळेच्या आणि संगमरवराच्या पाट्या बसवल्या आहेत. आई एकेकीपाशी थांबून म्हणायची, "हे काय लिवलंय?" माझं इंग्रजी शाळेपुरतं, पण जुळवून जुळवून वाचलं. एक लेफ्टनंट, वय बावीस, पटकीनं गेला. एका साहेबाची बायको आणि तिचं पाच दिवसांचं मूल. एक कॅप्टन, घोड्यावरून पडून. त्याच्या पाटीखाली लिहिलं होतं, शोकाकुल आईनं ही बसवली.

आईनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "ही आई आली हुती का हितं?"

"नसेल आली. तिकडून पैसे पाठवले असतील."

"म्हंजे तिनं बी न्हाई बघितलं." ती बराच वेळ तिथंच उभी राहिली. "त्यांची पोरं हिकडं, आमची तिकडं. कुनी सांगितलं आसंल गं तिला? कसं सांगितलं आसंल?"

काका मागं उभे होते, फेटा हातात घेऊन. टक्कल चमकत होतं. फेट्याशिवाय मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. एकदम म्हातारे दिसले.

मग आई त्यांच्याकडे वळली. "लालाभाऊ, त्येला कुठं ठेवला हुता? दाव मला."

काका समोरच्या पायऱ्यांपर्यंत गेले. तिथं थांबले. टेबलाकडं, क्रूसाकडं बघितलं, परत फिरले. मधल्या वाटेवर थांबले. फेब्रुवारीचा महिना, आत एवढा गारवा, आणि त्यांच्या कपाळावर घाम आलेला. इतक्या वर्षांनी पुन्हा सगळं डोळ्यांसमोर येत असणार. मला वाटलं, आईनं असा आग्रह करायला नको होता. शेवटी ते डाव्या हाताच्या खिडकीखाली जाऊन उभे राहिले.

"हितं, वहिनी. ह्या खिडकीखाली."

ती खिडकी रंगीत काचांची आहे. मेंढरू खांद्यावर घेतलेला येशू, मागं डोंगर, वर आभाळ. ऊन उतरतीला लागलं होतं आणि नेमकं त्या काचांतून आत येत होतं. भिंतीवर, फरशीवर तांबडे, पिवळे, निळे तुकडे पडले होते.

आई खिडकीखाली बसली. आणि मग, मला कळायच्या आत, फरशीवर आडवी झाली. पिशवी उशाला घेतली, हात पोटावर ठेवले.

"आई, अगं उठ. काय करतेस?"

"ऱ्हाऊ द्या त्यांना," एस्तेरबाई मागून म्हणाल्या.

आई वर बघत होती. काचेतल्या आभाळाचा निळा उजेड बरोबर तिच्या चेहऱ्यावर आला होता, चष्म्यावर, आणि मोकळ्या कपाळावर. मी तिची मुलगी, पण त्या क्षणी ती मला कुणी वेगळीच बाई वाटली, सुंदर आणि माझ्याहून लहान.

"लालाभाऊ," ती पडल्या पडल्या म्हणाली, "ह्यो निळा तवा बी हुता?"

काकांनी मान वर करून खिडकीकडे पाहिलं.

"हुता, वहिनी."

"मंग त्येनं बघितला आसंल."

"बघितला."

"मंग बरं झालं," आई म्हणाली, आणि उठायला हात पुढं केला. मी द्यायच्या आधी काकांनी दिला.

एस्तेरबाईंनी आम्हाला त्यांच्या पडवीत चहा दिला. आईनं विचारलं, "तुमी रोज झाडता आतनं?" त्या म्हणाल्या, रोज. "कुनी न्हाई आलं तरी?" "कुणी नाही आलं तरी." आईला ते फार आवडलं. जाताना तिनं त्यांचे दोन्ही हात धरले.

टांग्यात बसायच्या वेळी काका मागं राहिले. मी बोलवायला गेले तर ते पुन्हा आत. खिडकीखाली उभे राहून ते एकेक गोष्ट बघत होते. छप्पर, बाकं, दोराचा कोपरा, पायऱ्या, परत खिडकी. ओठ हलत होते. नव्या बिऱ्हाडाला आलेला माणूस कुठं काय आहे ते ध्यानात ठेवतो तसे. निरोप घेत असतील म्हणून मी हाक न मारताच मागं फिरले.


सांगली, सोमवार, ३ फेब्रुवारी

परत आलो. कराडला काका उतरले तेव्हा आईनं उरलेल्या धपाट्यांचं गाठोडं खिडकीतून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "पायाला तेल लावत जा. कुनाला तरी सांगावं चोळायला." काका मान खाली घालून म्हणाले, "व्हय, वहिनी."

मला उगीचच भीती वाटत होती. मनातली जागा मोडली तर नाहीच, उलट तिला छप्पर आलं, बाकं आली, उजेड आला. आता डोळे मिटले की मला वडील त्या खिडकीखाली स्पष्ट दिसतात. आज पाचवीच्या वर्गात फळ्यावर मी ती खिडकी रंगीत खडूंनी काढली. निळा खडू संपला.


सांगली, रविवार, ९ फेब्रुवारी

हे लिहू की नको असं सकाळपासून चाललंय.

काल दुपारी आई शेंगा फोडत बसली होती. मी म्हटलं, वडिलांच्या शेवटच्या दिवसाचं सगळं एकदा नीट लिहून काढते. काकांना त्या गावाचं नाव विचारते, पाद्रीबाबाचं नाव आठवतं का विचारते. शाळेच्या वार्षिकात छापायला देईन.

"नगं इचारू," आई म्हणाली.

"का?"

"त्येला म्हाईत न्हाई."

"विसरले असतील, पण विचारून तर बघते."

आईनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "अंजे, तुजा बाप चर्चात न्हाई गेला."

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं.

"नदीत गेला. तू सासरी गेलीस त्या साली मला कराडच्या बाजारात बाळासो भेटला हुता. मलकापूरचा. त्यो बी त्याच लढाईत हुता. त्येला काय ठावं मला काय सांगितलंय ते. त्यो आपला बोलून गेला. म्हनला, वहिनी, लय पाऊस, नदीला लय वढ, पलीकडनं गोळ्या. कृष्णात दोर धरून मदी गेला आन् गेलाच. न्हाई घावला. म्हनला, लालानं त्येच्यामागं पान्यात उडी घेतली. भायेर वढून काढला तर परत गेला. दुसऱ्या टायमाला त्येच्या पायाला गोळी लागली, तवा थांबला."

खाली रस्त्यावरून कल्हईवाला ओरडत गेला.

"म्हणजे चर्च, पाद्रीबाबा, दिवा..."

"काय बी न्हाई. तुज्या काकानं चर्चाच्या आत पाय बी ठिवला नसंल त्या दिसापातूर. बघितलं न्हाईस? वर हात करून घंटा हुडकत हुता. आपल्या म्हादेवाच्या देवळात हुडकावी तशी."

मी पाहिलं होतं. मी ते सगळं पाहिलं होतं. तिला त्या जाड भिंगांतून दिसलं आणि माझ्या चांगल्या डोळ्यांना दिसलं नाही.

"इतकी वर्षं तुला माहीत होतं? आणि दर पितृपक्षात त्यांना सांगायला लावायचीस?"

"मी कुटं लावते? त्यो सांगतो. त्येला बरं वाटतं. मला बी बरं वाटतं."

"मग साताऱ्याला कशाला गेलीस? त्यांना किती त्रास झाला!"

आईनं चष्मा काढला, लुगड्यानं पुसला, पुन्हा लावला.

"एवढी वर्सं त्येनं माज्या मानसाला कुटं ठिवलाय, ती जागा तरी बघावी म्हनलं. डोळं आल्यावर." मग ती पुन्हा शेंगा फोडायला लागली. "लय चांगल्या जागी ठिवलाय."


सांगली, मंगळवार, ११ फेब्रुवारी

काकांचा राग येतो. आईचा पण. त्या दोघांना खरं माहीत होतं आणि मी एकटीच इतकी वर्षं खोट्या देवळाला नमस्कार करत राहिले. शाळेतल्या निबंधात लिहिलं, लग्न ठरताना ह्यांना सांगितलं. ह्यांनी किती आदरानं ऐकून घेतलं होतं.

फळ्यावरची खिडकी आज पुसली. मुली हळहळल्या.


सांगली, रविवार, १६ फेब्रुवारी

काल ह्यांचं पत्र आलं. खुशाल आहेत, बर्फ फार आहे. पत्र वाचताना मनात आलं, ह्यांचा तुकडीतला जोडीदार कोण? पत्रात नेहमी एका कोंडीबाचं नाव असतं. खानापूर तालुक्यातला आहे म्हणे, फार बोलतो. उद्या काही झालंच तर हा कोंडीबा माझ्या दारात येऊन उभा राहील. त्यानं मला काय सांगावं असं मला वाटेल?

खरं सांगावं, असं परवापर्यंत म्हटलं असतं. आज नक्की सांगता येत नाही.

लालाकाका परत आले तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. कराडपासून गावापर्यंत ते चालत आले होते, लंगडत. त्या वाटेवर ते काय काय जुळवत आले असतील? त्यांनी नदीत जे नव्हतं ते सगळं वडिलांना दिलं. पाठीखाली दगड, डोक्यावर छप्पर, उशाला दिवा, शेजारी माणूस. पाणी तेवढं ठेवलं, पण तोंडात घालण्यापुरतं. आणि स्वतः दोनदा पाण्यात उडी घेतली ते कुणाला कधी सांगितलं नाही. पाय कशानं गेला म्हणून विचारलं की म्हणायचे, घसरून पडलो.

ती जागा खरंच सुंदर आहे. हे मात्र कुणी मला पढवलेलं नाही, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.


सांगली, रविवार, २ मार्च

आज सकाळी काका आले. गुऱ्हाळ चालू आहे, म्हणून गुळाची ढेप आणि काकवीची बरणी घेऊन. मी दार उघडलं तेव्हा मला वाटलं होतं, त्यांच्याकडे बघता येणार नाही. पण त्यांनी बरणी हातात देऊन नेहमीसारखं, "कशी हायस, पोरी?" म्हटलं आणि माझ्याकडून पाया पडून झालं.

जेवणं झाली. काका भिंतीला टेकून पाय लांब करून बसले. मी चहा ठेवला. काय विचारायचं ते मी ठरवलेलं नव्हतं, तोंडातून आपोआप आलं.

"काका, बाबा कसे होते?"

"कसं म्हंजे?"

"म्हणजे कसे वागायचे. हसायचे का? मला ते कसे गेले एवढंच माहीत आहे. बाकी काहीच माहीत नाही."

काका माझ्याकडे बघत राहिले. बहुतेक त्यांना कधी कुणी हे विचारलंच नव्हतं. आईनंही नाही. ती वडिलांबरोबर सगळी मिळून एक सुगी राहिली होती, तिलाही फार काही माहीत नसावं.

"हसायचा?" काका म्हणाले. "अगं, त्येच्यापायी आमाला शिक्षा व्हायची. परेडला हसायचा, गडी. साहेब वरडाय लागला की ह्येला हसू फुटायचं. मंग आमी समदी पळतोय मैदानाला फेऱ्या घालत." आणि ते स्वतःच हसायला लागले. "बोटीत तर इचारू नगस. मुंबई सुटली आन् ह्यो आडवा. म्हनायचा, लाला, मला हितंच उतरव, मी चालत येतो."

आई स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून बाहेर येऊन उंबऱ्याला बसली.

"तिकडच्या शेवया लय आवडायच्या त्येला. लांब लांब, दोरीसारख्या. एक म्हातारी हुती गावात, तिची लाकडं फोडून द्यायचा, ती ताट भरून द्यायची. ती तिच्या भाषेत बोलायची, ह्यो मराठीत. तासतासभर! मी म्हनायचो, कृष्णा, काय कळतं रं तुला? तर म्हनायचा, तिची सून तिला बघत न्हाई, एवढं कळलं. आन् तिकडं गावागावांत चर्चं, समद्यांत जायची त्येला लय हौस. तशी आमाला बंदी हुती, आत पाय ठिवायचा न्हाई असा साहेबाचा हुकूम. मी तर कवा गेलोच न्हाई. पर ह्यो गडी दाराच्या फटीला डोळा लावून—"

काका थांबले.

काकांनी आधी आईकडे पाहिलं. आई बशीतल्या चहावर फुंकर घालत होती, मान वर न करता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, हे आता उठून जातील आणि पुन्हा कधी येणार नाहीत.

मी त्यांचा कप त्यांच्यापुढं सरकवला.

"फटीतून काय दिसलं मग बाबांना?"

त्यांनी कपाला हात लावला, पण उचलला नाही.

"सांगा ना, काका."

"मेनबत्त्या," ते म्हणाले. मग कप उचलून पुन्हा म्हणाले, "मेनबत्त्या दिसल्या. लय. आन् बायका गुडघ्यावर बसलेल्या. परत आला तर मला म्हनतोय कसा, लाला, आत समद्या आपल्या आयाच बसल्यात रं. नुसती लुगडी येगळी."

"मग?"

"मंग काय. मंग मागनं पाद्रीबाबा आला. ह्यो पळतोय फुडं, पाद्रीबाबा मागं. त्येला वाटलं चोर हाय. ह्येनं घाबरून सलाम ठोकला. पाद्रीबाबाला! येकदम कडक, पाय आपटून."

आई हसली. आधी दाबून, मग दाबता येईना तशी मोठ्यानं, पदर तोंडाला लावून, चष्मा नाकावर घसरेपर्यंत. वडिलांच्या गोष्टीवर आई हसताना मी माझ्या जन्मात पाहिली नव्हती. काकांनी तिच्याकडे पाहिलं, आणि दुखरा पाय नीट लांब करून ते पुढची गोष्ट सांगायला लागले.

कराडची पाचची गाडी त्यांनी सोडली. त्यानंतरचीही.